भिंतीपलीकडचा वास

त्या मंगळवारी हजेरी घेताना भूमेश्वरीनं मोनालीचं नाव दोनदा उच्चारलं. गोंदियाजवळच्या गोरेगावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती रसायनशास्त्र शिकवायची. अकरावीला रासायनिक बंधांचा धडा चालू होता, आणि तो सोडून मोनाली घरी बसेल हे तिला पटेना.

पोरगी तिच्याच घरी भाड्यानं राहायची, मागच्या खोलीत. आई भागीरथा विड्या वळायची, बाप सेवकराम राईस मिलमध्ये पोती उचलायचा. आदल्याच दिवशी मोनालीनं वर्गात विचारलं होतं, "मॅडम, बंध एवढा पक्का असते, तं मंग त्या पदार्थाचा वायू कसा होते?"

"बंध रेणूच्या आत पक्का," भूमेश्वरीनं सांगितलं होतं. "पण एका रेणूला दुसऱ्याचं काही पडलेलं नसतं. मिठाच्या खड्यात सगळ्यांनी सगळ्यांना धरून ठेवलेलं असतं, म्हणून ते वितळवायला आठशे अंश लागतात. अमोनिया नुसता पसरतो."

हजेरी संपते न संपते तोच शिपाई दारात आला. "मॅडम, तुमच्या घरच्या भाडेकऱ्यांले दवाखान्यात नेलं."

दवाखाना बाजाराजवळच होता. तिघंही खाटांवर पडलेले. डॉक्टर म्हणाले, "विषबाधा आहे, काहीतरी शिळं खाल्लं असेल." मोनालीचे ओठ काळेनिळे पडले होते.

"शिळं काई नाई खाल्लं," भागीरथा कण्हत म्हणाली. "पहाटेपासून सडक्या लसणावानी वास येऊन रायला होता. मले वाटलं, उंदीर मेला असन."

भूमेश्वरी जागीच उभी राहिली. रविवारी तिच्या भावानं, हेमेंद्रनं, कोठीतल्या धानाला सोंडे लागले म्हणून कीड मारायच्या गोळ्या ठेवल्या होत्या. दाराच्या फटी त्यानं ओल्या मातीनं लिंपल्या. ती अंगणात उभी राहून बघत होती. "तोंडाला फडकं बांध," एवढंच ती म्हणाली होती. कोठी आणि मागची खोली यांच्यामध्ये एकच भिंत, आणि तीही वर छपराच्या कवेलूपर्यंत पोचत नव्हती. मोनालीची खाट त्या भिंतीला लागून होती. दोन दिवस पावसाची झड लागली होती, हवेत सगळा ओलावा. कोरड्या असतात तोवर त्या गोळ्या खड्यासारख्या पडून राहतात. ओलावा लागला की त्यांतून वायू सुटतो.

तिनं डॉक्टरांना गोळ्यांचं नाव सांगितलं. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली.

"याला उतारा नाही. ताबडतोब गोंदियाला न्या."

गाडी गोंदियाच्या दवाखान्यात पोचली तेव्हा मोनालीची नाडी बोटांना लागत नव्हती. दुपारी दोन वाजता ती गेली. सेवकराम आणि भागीरथा वाचले.

संध्याकाळी हेमेंद्र ओसरीत वाट पाहत बसला होता. त्यांची आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"भूमी, उद्या पोलीस बयान घेतीन," तो म्हणाला. "पोरीनं सोताच गोळी खाल्ली म्हणून सांगजो. अकरावीची पोरगी होती, अभ्यासाचा ताप झाला म्हणून लोकं मानून घेतीन."

"आणि तिचे आईबाप? त्यांनीबी खाल्ली?"

"त्यांचं कोण आयकते? मी कोणाले माराले ठेवल्या होत्या का? दार तं पक्कं लिंपलं होतं!"

"दार लिंपलं, भाऊ. वरून सगळं उघडं होतं. मले दिसत होतं."

"मंग तवाच काऊन नाई बोलली?"

वर्गातल्या फळ्यावर जे रोज लिहायची, ते स्वतःच्या अंगणात तिला आठवलं नव्हतं. आठवलंही असेल, पण मागच्या खोलीत कोण झोपतं याचा विचार त्या घरात कधी कोणी केला नव्हता. तिनंही नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ठाण्यात सगळं सांगितलं. गोळ्या, भिंत, कवेलू, आणि आपण उभ्यानं बघत होतो हेसुद्धा. हवालदारानं लिहिता लिहिता वर पाहिलं. "हे शेवटचं लिहू काय मॅडम? गरज नाही त्याची."

"लिहा."

हेमेंद्रला नेलं. आईनं भूमेश्वरीशी बोलणं टाकलं आणि तिच्या हातचं पाणीही.

चौथ्या दिवशी भागीरथा सामान न्यायला आली. सेवकराम बाहेर रिक्षाजवळच थांबला, अंगणात पाय ठेवायला तयार नव्हता. भूमेश्वरी पुढे झाली, तेव्हा भागीरथानं हातातलं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं.

"तुमाले मालूम होतं नं मॅडम? तुमी तं हेच शिकवता."

"होतं."

भागीरथानं मान हलवली. मग आत जाऊन तिनं मोनालीची खाट एकटीनं ओढत दारापर्यंत आणली. भूमेश्वरीनं दुसरी बाजू धरायला हात पुढे केला, तशी ती म्हणाली, "राहू द्या." दारात खाट अडकली. तिनं ती आडवी केली, वळवली, आणि घेऊन गेली.