तळ्याची वाईट बाजू

फोटोवाल्यांचा हात असा, की नवरीच्या गालावरचा फोड पुसला तर तिच्या आईलाही पत्ता लागू नये. म्हणूनच बंद खाणीशेजारच्या तळ्याचा फोटो काढायचं काम वस्तीने त्यांना दिलं. उद्या सुनावणी होती. फोटो पटला, तर खाणीच्या कंपनीला तळं साफ करावं लागणार होतं. नाही पटला, तर सगळ्यांच्या विहिरींना नारिंगी पाणीच येत राहणार होतं. त्यात फोटोवाल्यांचीही विहीर आली.

सकाळी छापून आणलेला फोटो बायकोने स्टुडिओच्या काउंटरवर ठेवला. मावळतीच्या उजेडात पाणी सोन्यासारखं झळकत होतं. काठावरची वाळकी झाडं आणि फेस, दोन्ही गायब.

"अहो, हे तळं आहे की मधुचंद्राची जागा?"

वस्तीच्या समितीच्या प्रमुख, शाळेच्या मोठ्या बाई, शेजारीच उभ्या होत्या. "भाऊ, हे बघून सुनावणीचे साहेब म्हणतील, इथे नावा सोडा."

फोटोवाल्यांनी कपाळावर हात मारला. "काय करू बाई? कॅमेरा धरला की हात आपोआप चांगली बाजू शोधतो."

"मग आज वाईट शोधा," बायको म्हणाली. "मीही येते. तुमचा भरवसा नाही."

भर दुपारी दोघं काठावर पोचली. उन्हात सगळं उघडं पडलं होतं. फोटोवाले हळूच एका हिरव्या झुडपाकडे सरकले. बायकोने त्यांना दंडाला धरून परत आणलं.

"अगं, निदान तो फेस तरी..."

"राहू दे."

"आणि ते वाळकं झाड?"

"ते तर मधोमध घ्या. आजचा नवरदेव तोच."

फोटोवाले इतके हसले, की पहिला फोटो हललाच. दुसरा मात्र नीट आला, म्हणजे अगदी भयाण.

सुनावणीत साहेबांनी तो बराच वेळ न्याहाळला. कंपनीचा माणूस आशेने म्हणाला, "रंग वाढवलाय, साहेब."

"साहेब, रंग बदलण्यात माझं आयुष्य गेलं," फोटोवाले म्हणाले. "पण ह्याला बोट लावलं नाही. कॅमेऱ्यातला मूळ फोटो हा बघा."

साहेबांनी तो पाहिला आणि चष्मा खाली ठेवला. तळं साफ करायचं, आणि तोवर वस्तीला रोज स्वच्छ पाण्याचा टँकर द्यायचा, असा हुकूम झाला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. फोटोवाल्यांनी कौतुकाने कॅमेरा डोळ्याला लावला.

"ते ठेवा आधी," बायको म्हणाली, "आणि ही बादली धरा."