शेंग की खडा

त्र्याहत्तरच्या एप्रिलात मी मिरजगावजवळच्या दुष्काळी कामावर हजेरी कारकून होतो. पाझर तलावाचं काम चाललं होतं आणि माझ्या टोळीत खडी फोडणाऱ्या त्रेचाळीस बायका होत्या. ऊन असं की अकरानंतर दगडाला हात लावला तरी चटका बसायचा. वरून हुकूम आला, कामाची वेळ बायकांनाच ठरवू द्या. सकाळी सहा ते दोन सलग, नाहीतर सहा ते अकरा आणि पुन्हा चार ते सात.

मी सगळ्यांना बाभळीखाली बोलावून विचारलं. टोळीची मुकादम गोजरबाई लगेच उठली. उंचपुरी, खणखणीत आवाजाची बाई.

"सलगच बरं. व्हय का न्हाई गं?"

"व्हय, व्हय!" सगळ्या माना हलल्या. दोन मिनिटांत प्रश्न सुटला म्हणून मी खूश.

तिसऱ्या दिवशी चार बायका भोवळ येऊन खाली बसल्या. त्यांना पाणी देताना एक हळूच म्हणाली, "मला दोन येळाच पायजे हुत्या, पर समद्या व्हय म्हनल्या." मग दुसरी तेच म्हणाली. दुपारपर्यंत नऊजणींनी मला हेच सांगितलं, आणि प्रत्येकीला वाटत होतं, असं वाटणारी आपण एकटीच.

टोळीतली शरिफा नगरला विडी कारखान्यात काम करून आलेली. ती म्हणाली, "भाऊसाहेब, तोंडानं इचारू नका. गोजरआक्कांम्होरं कोन बोलतंय? एकेकीचं मत गुपचूप घ्या."

तिनंच युक्ती काढली. हजेरीच्या तंबूत एक रिकामी घागर ठेवायची. एकेकीनं आत जायचं. सलग वेळ हवी तर घागरीत खडा टाकायचा, दोन वेळा हव्या तर बाभळीची शेंग. मी करून दाखवायला खडा टाकला, तर टण्णकन आवाज झाला. बाहेर हशा पिकला.

"घ्या, मिरजगावापतूर ऐकू गेलं!" शरिफा म्हणाली. मग आम्ही घागरीच्या तळाशी गोणपाट कोंबलं.

सगळ्या आत जाऊन आल्यावर मी घागर पालथी केली. एक्केचाळीस शेंगा आणि दोन खडे. सगळ्यांच्या नजरा गोजरबाईकडे वळल्या.

"माज्याकडं काय बगता?" ती उखडली. "म्या शेंगच टाकली. मला वाटलं, तुमची ल्हान लेकरं घरी, तुमाला लवकर सुटायची घाई आसंल. म्हनून सलग म्हनले."

मग आधी शरिफा हसली, आणि शेवटी खुद्द गोजरबाईही पदर तोंडाला लावून हसायला लागली.

मी वही उघडली, तेवढ्यात मागून दगडाबाई उठली. ही कधी बोलत नसे.

"खडे माजे आन् माज्या जावंचे. आमची वस्ती दीड कोस लांब, उनात जाऊन पुन्ना चारला येनं हुयाचं न्हाई. सासूला दिसत न्हाई. दुपारच्याला तिला भाकर कोन दील?"

गोजरबाई तिच्याजवळ जाऊन बसली. "आगं, मग त्या दिशी का बोलली न्हाईस?"

"तुमी सलगच म्हनला की. मला बोलायची गरजच काय पडली?"

"भाऊसाहेब," गोजरबाई माझ्याकडे वळली, "ह्या दोघींची येळ येगळी लिवा."

"हुकमात साऱ्या टोळीला एकच वेळ आहे, आक्का."

"मग चला सायबाकडं."

ती पुढे, मी वही घेऊन मागे. ओव्हरसियरनं दोनदा नकारार्थी मान हलवली, एकदा कपाळ पुसलं आणि दोघींची हजेरी वेगळी मांडायला होकार दिला. गोजरबाईच्या आवाजापुढे त्याचंही फार चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला बाकीच्या हातोड्या थांबल्या. दगडाबाई आणि तिची जाऊ खडी फोडत राहिल्या, पण सावलीत. गोजरबाईनं सकाळीच मुकादमाच्या जागेवरचा बांबूचा तट्ट्या उपटून त्यांच्या डोक्यावर रोवला होता. त्यासाठी मात्र तिनं कोणालाही विचारलं नव्हतं.