वंगण लावलेला बेल्ट

पाहणे

दौलतची मोटार चालू होताना रोज किंचाळायची. त्या दिवशी गप्प निघाली. दौलतला बरं वाटलं.

मागे त्याची मेहुणी रुख्मिणी, मांडीवर खडूंचा डबा. आदिलाबादला तिची शिक्षिकेची मुलाखत होती, फळ्यावर पाठ घेऊन दाखवायचा होता. पुढे दौलतच्या शेजारी सासरे मोतीराम, गालातल्या गालात हसत.

तलमडुगु मागे पडलं आणि बोनेटमधून वाफ आली. दौलतने उघडून पाहिलं. फॅनबेल्ट काळा, चकचकीत.

"मामा, हे वंगण?"

"मीच लावलं. बंडीचं चाक ओरडलं का लावतोच ना आपण. आज पोरीचा दिस. म्हटलं, गुपचूप जावं."

"अवो, बेल्ट घसरून राह्यला! पंखा फिरत नाही, पाणी उकळलं!"

"मंग ओरडत काऊन होता?"

"ढिला होता म्हणून!"

बदलणे

डिकीत नवा बेल्ट होता. दौलतने काढला.

तोही चकचकीत.

मोतीराम रस्त्यालगतच्या कापसाच्या पऱ्हाटीकडे पाहू लागले. "तो लय कोरडा दिसला, म्हणून..."

पुसणे

(बेल्टच्या कामात हे कधीच नसतं. आज होतं.)

पुलीच्या खाचा पुसल्या. नवा बेल्ट पेट्रोलच्या चिंधीने पुसला, जुना फेकला. तरी बोट सरकतच होतं. रुख्मिणीने डबा उघडला आणि खडू दगडाने कुटायला घेतले.

"अवं, पाठ कशानं घेशील?"

"पोचले तर घेईन ना, बाबा."

ताणणे

खडूची भुकटी चोळून बेल्ट चढवला. बेल्ट ताणायला दौलतने डायनामोचा बोल्ट सैल केला, मोतीरामांनी दांडक्याने डायनामो बाहेर रेटला.

"अजून. अजून थोडा. बस, मामा, बस!"

दौलतने अंगठ्याने बेल्ट दाबून पाहिला, बोल्ट आवळला. इंजिन निवल्यावर पाणी भरलं. मोटार चालू झाली. एकदा बारीक चिरकली, मग सुरळीत.

"ओरडली," मोतीराम हळूच म्हणाले.

"ओरडू द्या!" दोघंही एकदम.

शिकवणे

आदिलाबादला रुख्मिणी मुलाखतीला आत गेली तेव्हा हातात खडूचा एक तुकडा आणि बोटं काळी. ठरवलेला पाठ रंगीत खडूंचा होता. तिने फळ्यावर दोन चाकं काढली, त्यांवर पट्टा.

"मुलांनो, हा पट्टा ओरडतो. काय करायचं?"

मुलांच्या जागी बसलेले साहेब म्हणाले, "तेल लावायचं."

खिडकीबाहेरून मोतीराम ओरडले, "नाही! नाही!"

साहेब दचकले, मग खो खो हसले. रुख्मिणीने शांतपणे उरलेला पाठ पुरा केला, ताण म्हणजे काय तेही सांगितलं.

जूनमध्ये ती शाळेत रुजू झाली. सोडायला मोटारच होती. मोतीरामांना मात्र बोनेटपासून दूर, मागे मधोमध बसवलं होतं.