सर्वांत लहान आकडा

अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यात त्यांची वाचा गेली. चाळीस वर्षं गाणं शिकवलेला माणूस एकेका शब्दाला मोताद झाला. "त्यांचंच गाणं त्यांना ऐकवून बघा," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा थोरल्या लेकीला हुरूप आला. अण्णांनी स्वतः बसून आपल्या गाण्याच्या सगळ्या कॅसेट घरच्या कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या आणि मग बुरशी धरलेल्या त्या सगळ्या कॅसेट फेकून दिल्या होत्या.

तिने खिशात मावेल एवढा प्लेअर आणला. त्याला त्या अगडबंब फाइली पचेनात. तिने मामेभावाला फोन लावला.

"ताई, त्याला एमपीथ्रीच लागते. फाइली बदलायचा प्रोग्रॅम फुकट मिळेल, पण एमपीथ्री बनवणारा एन्कोडर वेगळा उतरवून घे आणि तो कुठे ठेवलास ते प्रोग्रॅमला दाखव. नाहीतर ढिम्म हलायचा नाही तो."

यात तिच्या दोन दुपारी गेल्या. अखेर गाडी रुळावर आली, तर पडद्यावर आकड्यांची यादी. आकडा लहान तर फाइल लहान, एवढं तिला उमगलं. एकही गाणं मागे राहायला नको म्हणून तिने सर्वांत लहान आकडा निवडला. कॉम्प्युटरवर जागा उरली नव्हती, म्हणून 'झाल्यावर मूळ फाइल काढून टाका' यावरही खूण केली. संध्याकाळपर्यंत एकशे बारा गाणी झाली.

तिने मोठ्या उत्साहाने अण्णांच्या कानात इअरफोन घातले. अण्णांनी डोळे मिटले. मग कपाळावर आठी उमटली. तिने एक इअरफोन स्वतःच्या कानाला लावला. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी गावं, तसा आवाज. तानांचा नुसता चिखल झाला होता. फाइल लहान करताना आवाजच छाटला गेला होता. अण्णांनी धडधाकट हाताने वायर ओढून काढली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने मूळ फाइली परत मिळवायला दोन तास खटपट केली. "जुन्यावर नवं लिहिलं गेलंय, बाई. आता काही हाती लागायचं नाही."

"थोडंसंही नाही?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

ती घरी आली, तर आई पलंगाशी प्लेअरचे इअरफोन कानात घालून बसली होती. आईला कमी ऐकू यायचं.

"छान वाजतंय की गं," आई म्हणाली. "अगदी ह्यांचाच आवाज!"

अण्णांचं तोंड भिंतीकडेच होतं. लेक "हो" म्हणाली आणि आईला आवाज वाढवून दिला.