लख्ख कोपरा

आम्ही चौघे एका खोलीत राहतो. खोलीचा पार उकिरडा झालाय, पण खिडकीजवळचा एक कोपरा आरशासारखा लख्ख आहे. तिथे टेबल, रचून ठेवलेली पुस्तकं आणि प्लॅस्टिकचं रोप. घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं ते तिथूनच. एकाचा कॉल चालू असला की बाकीच्यांनी पाय वर घेऊन, तोंड मिटून पलंगावर बसायचं, हा नियम.

काल आईचा कॉल आला, तसा मी कोपरा गाठला.

"तुझी खोली आहे तशीच ठेवलीय रे," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "तू गेल्यापासून तिथे पाऊल टाकवत नाही."

मीही हळवा झालो. तेवढ्यात पलंगावरचा बोका, म्हणजे माझा रूम पार्टनर, सणसणीत शिंकला.

"कोण रे ते?"

"शेजारी."

"शेजारी तुझ्या खोलीत येऊन शिंकतो? फोन फिरव बघू."

आता आली का पंचाईत! मी डाव उलटवला. "आधी तू फिरव. तूसुद्धा रोज त्याच पडद्यासमोर बसतेस."

एवढ्यात तिच्यामागचा पडदा खुदकन हसला.

आईने निमूटपणे तो सारला. मागे माझीच खोली होती. माझ्या पलंगावर चार बायका, पाय वर, तोंडं मिटलेली, हातात पत्ते. मला शर्यतीत मिळालेल्या कपात बिस्किटं.

"या कोण?" मी ओरडलो.

"शेजारणी," आई म्हणाली. "पण त्या शिंकत नाहीत."