क्रूस नसलेलं पान

ज्या काळ्या-लाल-सोनेरी फितीपायी चोवीस वर्षांपूर्वी येना विद्यापीठाची पोरं किल्ल्यात कैदेत सडली, ती आता कापडवाला गजाच्या मापानं विकत होता. चाळीस राजांऐवजी एक जर्मनी आणि राजाच्याही वर कायदा, एवढंच त्या पोरांनी मागितलं होतं. तेव्हा पोलिसांना खबरा पुरवणारा हाच कापडवाला; आता सगळ्यांत मोठा बावटा त्याच्याच दुकानावर.

राजानं अखेर नमतं घेतलं म्हणून गाव चौकात लोटला होता. क्वांट मास्तर मात्र खिडक्या लावून घरात बसले. गर्दीत गेलं की कुणाच्या ना कुणाच्या तोंडावर त्यांना एरेनफ्रीडचा चेहरा दिसे, कॉलेजातल्या त्यांच्या जिवलग मित्राचा. किल्ल्यात तिसरा हिवाळा त्यानं काढला नाही.

दार वाजलं. एरेनफ्रीडची धाकटी बहीण सिडोनी आली होती.

"मास्तर, तिकडे भाषणं चाललीत आणि तुम्ही घरात अंडी उबवताय होय?" ती हसली. "दादाच्या हातची एक ओळ नाही माझ्याकडे. पोलिसांनी सगळं नेलं. तुमच्या मैत्रीच्या वहीत त्याचं पान असेल ना? ते द्या मला."

अशी वही येनात प्रत्येक विद्यार्थ्याकडे असे. मित्र तिच्यात एकेक पान लिहीत. मित्र वारला की वहीवाला त्या पानावर क्रूस काढी. नाही म्हणायला मास्तरांची जीभ रेटेना; त्यांनी वही काढून तिच्या हाती दिली.

सिडोनीनं पानं उलटली. "हार्निशला क्रूस? अहो, तो आत्ता चौकात घसा फोडून बोलतोय. आणि हा वेंडलर, माझा शेजारी."

"आमच्यातल्या कुणाकुणाला धरायचं ते शोधायला तेव्हा चौकशीवाल्यांनी वही मागितली होती," मास्तर म्हणाले. "द्यायच्या आधी मी क्रूस काढले. तापाची साथ नुकतीच येऊन गेलेली, त्यांना खरं वाटलं. सहा जण सुटले."

"दादाच्या पानावर नाही."

"सगळेच मेले म्हटलं असतं तर कोण विश्वास ठेवणार, सिडोनी? एक तरी जिवंत दाखवायला हवा होता. तो आमच्यात सगळ्यांत काटक. वाटलं, निभावून नेईल."

तिनं वही मिटून टेबलावर ठेवली.

"राहू दे तुमच्याकडेच. तुम्हीच त्याला जिवंत ठेवलंत, आता तुम्हीच सांभाळा."

ती जिना उतरू लागली. तिच्यामागून एरेनफ्रीडचीही पावलं उतरतात का, म्हणून मास्तर कान लावून बसले. कुणीच उतरलं नाही.