फणसाचा वास आणि माझा धूर

मित्रांनो, मी एका कानाची, तळाला चीर गेलेली जुनी लोखंडी कढई आहे. हसू नका. दोन कान होते तेव्हा मला उसनी न्यायला बायका दारात उभ्या राहायच्या.

माझा जन्म लोंढा गावचा. रेल्वेच्या कामात मोडीत निघालेला जाड पत्रा मष्णू लोहारानं आणला, भट्टीत लाल केला आणि घणाखाली घालून मला खोलगट रूप दिलं. आगगाडीच्या कुळातली मी, उगाच कुणापुढे वाकले नाही. तिथून बेळगावच्या बाजारात आले आणि बाजारातून सांबऱ्याजवळच्या एका शेतकरी घरात. घराची कारभारीण होती राजाबाई. हाडापेरानं मजबूत, आवाजानं त्याहून मजबूत. जॉर्ज बादशहाचं राज्य सगळ्या मुलखावर असेल, त्या घरात मात्र राजाबाईचं होतं.

वीस वर्षं मी तिच्या चुलीवर काढली. शंकरपाळ्या, कानवले, चकल्या, काय काय तळलं! शेजारची जयाबाई मला मागायला आली की राजाबाई म्हणायची, "न्हे बाई, पन दिवस मावळायच्या आत परत आन. कढई माझी हाय, गावाची न्हाय." ते ऐकून माझा तळ आणखीच तापायचा.

मग एका शिमग्याला मी चुलीवरून निसटले. कान मोडला, बुडाला बारीक चीर गेली. आठ दिवसांत चकचकीत पितळी कढई घरात आली आणि मी गोठ्यात गेले. माझ्यात गोवरीचे निखारे आणि त्यावर कडुलिंबाचा ओला पाला, म्हणजे जनावरांभोवतीची चिलटं पळतात. काल तुपात न्हालेली मी आज शेणकुटात लोळू लागले. वाईट वाटलं. पण माझा धूर उठला की म्हशी शेपट्या आपटायच्या थांबत आणि डोळे मिटून निवांत रवंथ करत. म्हटलं, हेही काही हलकं काम नाही. हळूहळू त्याचाही मला ताठा चढला. ताठा मला कशाचाही चढतो.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी ऐन वैशाखात राजाबाईची सून मनुबाई बाळंत झाली. मुलगी झाली. मनुबाईही लोंढ्याचीच, म्हणजे आम्ही दोघी एका माहेरच्या. तिच्या आईला लेक बाळंतपणाला हवी होती, पण राजाबाईनं पाठवली नाही. "आमच्या घरात काय हात न्हाईत व्हय?" म्हणाली. मग विहीणबाईंनी आगगाडीनं एक फणस धाडला. चांगला मोठा, मऊ गऱ्यांचा बरका, पोत्यात गुंडाळलेला. त्यासोबत ना चोळीचा खण, ना सांगावा. राजाबाईचं पित्त खवळलं.

"बाळंतिणीला फणस चालत न्हाय ह्ये तिच्या आईला ठावं न्हाय? मला हिणवायला धाडलाय ह्यो!" तिनं फणस पोत्यासकट बाळंतिणीच्या खोलीतल्या धान्याच्या कणगीमागं ढकलला. "कुनी हात लावायचा न्हाय. त्यास्नी माघारी धाडनार हाय मी."

पण माघारी धाडणार कोण? राजाबाईचा मुलगा गुंडू पेरणीआधीच्या मशागतीत गुंतलेला. फणस तिथंच राहिला. घरात त्याचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती, मनुबाईची तर नव्हतीच.

पाच-सहा दिवसांनी खोलीत चिलटं दिसू लागली. आधी दहा-वीस, मग ढगच्या ढग. पेजेच्या वाटीत पडत, मनुबाईच्या नाकातोंडात जात आणि बाळाच्या डोळ्यांवर तर गुळाच्या ढेपेवर बसावं तशी बसत. तान्ह्याचे हात ते केवढे, हाकलणार तरी कसे! बाळाचे डोळे लाल झाले, पाणी गळू लागलं.

राजाबाईनं मला गोठ्यातून उचललं आणि खोलीच्या मधोमध मांडलं. मी किती फुशारले म्हणून सांगू! कडुलिंब घातला. चिलटं पांगली, तासाभरात परत आली. मग ओवा, वेखंड, आणखी पाला. परत आली. मग तिनं निपाणीच्या भावानं धाडलेल्या तंबाखूच्या काड्या आणल्या आणि मूठभर माझ्यात टाकल्या. खोली काळीनिळी झाली. मनुबाई खोकून खोकून वाकली. म्हणाली, "आत्याबाई, बाळाला सोसंना झालाय धूर."

"चिलटं सोसत्यात व्हय मग? गप पड."

मित्रांनो, मी जमिनीवर बसणारी. उभ्या माणसाला दिसत नाही ते मला दिसतं. चिलटं कणगीमागून येताना मला स्वच्छ दिसत होती. फणस फुटला होता, त्याचा रस पोत्यातून पाझरत होता. पण कढईला तोंड असतं ते फक्त भरायला. आणि खरं सांगू? बोलता आलं असतं तरी मी बोलले असते का, कोण जाणे. मला वाटत होतं, धूर आणखी थोडा वाढला की जिंकले. त्या कुजक्या फणसाचा वास झाकत होता माझाच धूर, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

जन्मापासून अकराव्या दिवशी बाळाच्या दोन्ही पापण्या पुवानं चिकटल्या. उघडेचनात. रोज बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या सुईण नागुबाईनं बाळ मांडीवर घेऊन पापण्या चाचपल्या.

"राजाबाई, ह्ये बरं न्हाय. पल्याडच्या गल्लीतल्या पोराचं असंच झालतं. त्येची नजर गेली."

राजाबाईनं पदर तोंडाला लावला. मग सवयीनंच ती पाल्याची पाटी घेऊन माझ्याकडं आली.

"ठेव ती पाटी!" नागुबाई कडाडली. "चिलटाआधी पोरगीच मरंल तुझ्या धुरानं. हितं मलाच दिसंना झालंय. विझीव आधी ती कढई."

गावात राजाबाईला असं बोलणारी ती एकटीच, कारण गुंडूला तिनंच जगात आणलं होतं. पाण्याचा तांब्या माझ्यावर उपडा झाला. मी चर्रर्र करून गार पडले. नागुबाईनं खिडकी उघडली. धूर हळूहळू गेला, आणि मग तो वास आला. गोडसर, आंबूस, डोक्यात जाणारा.

नागुबाईनं नाक वर केलं. "काय कुजलंय गं घरात?"

मनुबाईनं मान खाली घातली. एका शब्दानं ती सासूला खाली बघायला लावू शकली असती. लावलं नाही. बाळाला छातीशी धरून नुसती रडत राहिली.

राजाबाई कणगीकडं बघत उभी राहिली. मग तिनं पदर खोचला आणि कणगी रेटली. पोतं उचलताच चिलटांचा असा लोट उठला की नागुबाई ओरडलीच. फणस नव्हताच तो आता, नुसता लगदा होता.

"मीच ठिवलेला," राजाबाई सुनेकडं बघत म्हणाली. आवाज एवढासा. "तुझ्या आईचा राग पोरीच्या डोळ्यावर काढला गं मी."

तिनं तो लगदा दोन्ही हातांनी माझ्यात भरला. पितळी कढईत नाही, माझ्यात. मला डोक्यावर घेऊन भर दिवसा गल्लीतून निघाली. चिरेतून रस गळून तिच्या कपाळावर ओघळत होता, भोवती चिलटं घोंगावत होती. जयाबाई दारात आली. "अगं बाई! काय घेऊन चाललीस?"

"माझा ताठा हाय. पुरून येते."

शेताच्या बांधावर हातभर खड्डा काढून तिनं ते पुरलं. खोली गरम पाण्यानं आणि राखेनं धुतली. गुंडू बैलगाडी जुंपून मायलेकींना बेळगावात कॅम्पातल्या डॉक्टरकडं घेऊन गेला. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसायचे आणि औषधाचे थेंब घालायचे, असं डॉक्टरांनी सांगितलं. राजाबाई ते दिवसातून सहा वेळा करायची, दर वेळी हात धुऊन. चिलटं दुसऱ्याच दिवशी आटली. तिसऱ्या दिवशी तर खोलीत एकही नव्हतं.

आणि पाचव्या दिवशी सकाळी पोरीनं डोळे उघडले. लालसर होते, पण उघडले! राजाबाईनं बोट डावीकडं नेलं, नजर डावीकडं गेली. उजवीकडं नेलं, उजवीकडं गेली. "बघतीया गं! मला बघतीया!" म्हणत ती मोठमोठ्यानं रडली, आणि रडता रडताच मनुबाईला म्हणाली, "खा की गं पेज, निवतीया."

लांबलेलं बारसं ठरलं. गुंडू आवतण घेऊन लोंढ्याला निघाला, तेव्हा राजाबाईनं त्याला उंबऱ्यात थांबवलं.

"विहीणबाईंना सांग, फणस लई गोड हुता. आन् पुढच्या बाळंतपनाला लेकीला मी सोता पोचवून जाते म्हनावं."

मित्रांनो, मी काही फार शहाणी नाही, पण एवढं माझ्याकडून घ्या. घरात चिलटं झाली तर धूर करायला धावू नका. आधी कोपरे बघा, कणगी हलवा, पोती उचला, आणि कुजलेलं सापडलं की ते कुणी ठेवलं म्हणून भांडत बसू नका, आधी बाहेर काढा. तान्ह्या बाळापाशी तर धूर नकोच. आणि घरातल्या म्हातारीला कधी "चुकलं माझं" म्हणावंसं वाटलं, तर तिला तेवढी उसंत द्या. ते शब्द जड असतात. मी एका दुपारी बांधापर्यंत त्यांच्यासोबत गेले आहे.